लाँग रायफलच्या मेपल दस्त्याला जुना तांबूस रंग कसा आणावा

लाँग रायफल म्हणजे लांब नळीची जुनी अमेरिकन बंदूक. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचा बंदूक कारागीर जेकब डिकर्ट आणि त्याच्या काळचे कारागीर तिचा दस्ता बहुधा कर्ली मेपलचा करत. या लाकडात रेषा लाटांसारख्या वरखाली जातात, म्हणून आडवे पट्टे दिसतात. बाजारातला वुड स्टेन लावला तर रंग वरवर बसतो आणि पट्टे मळकट होतात. जुनी रीत वेगळी होती. लोखंड विरघळवलेलं नायट्रिक ॲसिड लाकडात मुरवायचं आणि शेक देऊन रंग लाकडातच उमटवायचा.

सगळं यश आधीच्या सफाईवर आहे. रंधा इथे चालत नाही, पट्ट्यापट्ट्याला लाकूड उचकटतं. धारदार स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायची पोलादी पट्टी, तिरपा धरून चालवा. पट्ट्यांना समांतर धरलात तर मऊ-कडक भाग कमीजास्त खरवडला जाऊन पृष्ठभाग लाटालाटांचा होतो. दिवा एका बाजूला खाली ठेवून पाहिलं की हा दोष लगेच दिसतो. मग ओल्या फडक्याने दस्ता पुसा, वाळू द्या आणि उभी राहिलेली कुसं हलक्या हाताने कापा. असं दोन-तीनदा करावंच लागतं.

नळी, चाप-घोडा आणि पितळी साज काढून ठेवा. ॲसिड स्वतः बनवण्यापेक्षा फेरिक नायट्रेटचे खडे आणणं बरं; लोखंड नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळून हाच क्षार बनतो. 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 25 ग्रॅम विरघळवा. हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर काम करा. त्याच ओंडक्याच्या तुकड्यावर आधी चाचणी घ्या, कारण प्रत्येक मेपल वेगळा रंग देतो.

द्रावण सारखं पसरवा, पण नळीच्या खाचेत जाऊ देऊ नका, नाहीतर नळी गंजेल. आडछेद, म्हणजे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात तो भाग, जास्त पितो, तिथे ब्रश जवळजवळ कोरडाच ठेवा. पूर्ण वाळल्यावर हीट गन सतत फिरवत शेका. हिरवट-राखाडी लाकूड बघता बघता तांबूस तपकिरी होतं. कितीही वेळा केलं तरी हा क्षण सुंदरच वाटतो. नळीलगतच्या पातळ कडा मात्र चटकन करपतात, तिथे थांबू नका. रंग हिरवटच राहिला तर शेक कमी पडला, पुन्हा द्या.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून दस्ता पुसा, मग साध्या पाण्याने. आम्ल आत राहिलं तर पुढे रंग काळवंडतो आणि पोलादाला गंज धरतो.

दस्ता दोन दिवस वाळवा. रंग फार गडद वाटला तर हात लागतो त्या जागा नायलॉनच्या पॅडने किंचित घासा. शेवटी उकळलेलं जवसाचं तेल अगदी पातळ चोळा, उरलेलं पुसून टाका आणि दिवसाला एक असे चार-पाच हात द्या. जाड हात चिकट राहतो आणि कोरीवकामात साचतो. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.