मेटल डिटेक्टर घेतलाय, पण जायचं कुठं?

इंग्लंडात राहणारे मराठी मित्र हल्ली सारखं विचारतात की अरे डिटेक्टर कुठला घेऊ, आणि मी प्रत्येकाला उलटं विचारतो की जागा आहे का? कारण दोनशे पौंडाचं साधं मशीन घेऊन तुम्ही चांगल्या शेतात गेलात तर काहीतरी हाती लागतंच आणि हजार पौंडाचं मशीन घेऊन चुकीच्या जागी गेलात तर दिवसभर कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या चकत्या उकरत बसाल. मी पूर्व इंग्लंडातल्या सफोकमध्ये राहतो, डिटेक्टर घेऊन शेतात जुनी नाणी-वस्तू शोधायचा हा छंद पाच वर्षं करतोय, त्यामुळे हे सगळं मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सबद्दल आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिथे जुनी वस्तू सापडली तर ती सोन्याचांदीची नसली तरी कळवावीच लागते. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये तर पुरातन वस्तूंसाठी खणायला आधी लायसन्स लागतं.

पहिली गोष्ट, इथे बेवारस अशी जमीन नसते. रान दिसतंय, कुंपण नाही, लोक कुत्री फिरवतायत म्हणून मशीन लावायचं असं नाही चालत. गावातून जाणाऱ्या पायवाटेवर चालायचा हक्क आहे, खणायचा नाही. नॅशनल ट्रस्ट म्हणून जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणारी संस्था आहे, तिच्या जमिनीवर नाही म्हणजे नाही, सरकारी जंगलातही तेच. पार्क असेल तर कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, ईमेल करून विचारा, बऱ्याच कौन्सिल नाहीच म्हणतात. आणि ज्या जागा शेड्युल्ड मॉन्युमेंट, म्हणजे कायद्यानं संरक्षित पुरातन जागा, आहेत तिथे १९७९ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे, मालक हो म्हणाला तरीसुद्धा. गंमत अशी की अशी जागा बघून कळतेच असं नाही, नुसतं गवताळ टेकाड असतं, बोर्डही नसतो. म्हणून मॅजिक नावाचा सरकारी नकाशा आहे ऑनलाइन, फुकट, त्यात शेत टाकून बघायचं, निसर्गासाठी राखलेल्या एसएसएसआय जागापण त्यातच दिसतात. मी नवीन शेतात पाय ठेवायच्या आधी हे करतोच करतो.

आता खरा मजेचा भाग, म्हणजे घरात बसून शेत शोधणं. माझा निम्मा छंद लॅपटॉपवरच होतो. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा खात्याचे जुने नकाशे आहेत, इंग्लंडचेसुद्धा, आणि एका बाजूला जुना नकाशा, दुसऱ्या बाजूला आजचा सॅटेलाइट फोटो असं शेजारी शेजारी लावता येतं. त्यात काय बघायचं? सोपं आहे, माणसं कुठे थांबायची ते बघायचं. नुसती ये-जा असते तिथे थोडंफार पडतं, पण माणूस जिथे थांबतो, बसतो, पैसे मोजतो तिथे जास्त पडतं. म्हणजे आपल्याकडे जशी पांदण असते ना गावाबाहेर, दोन्ही बाजूंनी झुडपं आणि मधून गाडीवाट, तशा वाटा इथेही होत्या, नकाशात आहेत आणि आज नांगरून गेल्यात. नदी ओलांडायचा उतार, जुन्या चर्चकडे शेतातून जाणारी वाट, जत्रा भरायची ते मैदान, आता नसलेली पवनचक्की, मोडून गेलेलं शेतघर. तळ्याच्या काठची जागाही सोडू नका, गुरं पाण्यावर आणणारा माणूस तिथे थांबायचाच.

मग लायडार बघा. विमानातून लेझर मारून जमिनीचे चढउतार मोजतात तो प्रकार, एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा डेटा मोफत आहे. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या शेतात जुने बांध आणि घरांचे चौथरे उठून दिसतात. कोरड्या उन्हाळ्यातले सॅटेलाइट फोटोही बघा, जिथे खाली जुना खंदक बुजलेला असतो तिथे ओल धरते आणि पीक जास्त हिरवं राहतं, भिंत असेल तिथे लवकर पिवळं पडतं. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना, तिच्या डेटाबेसमध्ये लोकांनी नोंदवलेल्या दहा लाखांहून जास्त वस्तू आहेत, नेमकी जागा दाखवत नाहीत पण आपल्या भागात रोमन जास्त सापडतंय की मध्ययुगीन याचा अंदाज येतो.

शेत ठरलं की शेतकऱ्याला भेटायचं, आणि इथे बरेच जण घाबरतात. मी पत्रापेक्षा समोरासमोर जातो, दुपारी, काढणीच्या धांदलीत मुळीच नाही. स्वच्छ कपडे, मशीन गाडीतच ठेवायचं, स्वतःचं नाव, कुठे राहतो, इन्शुरन्स आहे हे सांगायचं (नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगची मेंबरशिप घेतली की तो मिळतो). आपण मूळचे शेतीवाल्या घरातले असाल तर ते जरूर सांगा, माझ्या आजोबांचा ऊस होता असं मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगितलं आणि पुढचा अर्धा तास आम्ही पाणी आणि खताबद्दलच बोललो, पर्मिशन शेवटी दोन मिनिटांत मिळाली. पण एक विचाराच, जमीन तुमची की खंडानं घेतलेली? कसणारा वेगळा आणि मालक वेगळा असेल तर दोघांचं हो लागतं. आणि सापडलेल्याची वाटणी कशी ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. संबंध चांगले असतानाच लिहायचं हे.

अजून एक विचारायचं जे नवीन लोकांना माहीतच नसतं, शेतात ग्रीन वेस्ट टाकलंय का? घरांच्या बागेतल्या कचऱ्याचं खत असतं ते, त्यात ॲल्युमिनियमचे, बॅटरीचे, डब्यांचे बारीक तुकडे येतात आणि एकदा ते शेतभर पसरलं की मशीन दर पावलाला वाजतं. असं शेत मी सोडून देतो.

हंगाम म्हणाल तर ऑगस्टमध्ये गहू कापला की धसकटं उभी असतात, तेव्हापासून पुढची पेरणी होईपर्यंतचे आठवडे आपले. धसकटं उंच असतील तर कॉइल, म्हणजे मशीनची खालची गोल तबकडी, जमिनीपासून वर राहते आणि खोलवरचं काही पकडत नाही, त्यामुळे नांगरून ढेकळं फुटलेली, वर एक पाऊस पडलेली जमीन मला सगळ्यात आवडते. ओल्या मातीत सिग्नल चांगले येतात. गवताळ कुरणात वर्षभर जाता येतं पण तिथे खड्डा असा बुजवायचा की दुसऱ्या दिवशी तुम्हालाच सापडू नये, गुराचा पाय मुरगळला तर पर्मिशन गेली.

समुद्रकिनारा सोपा वाटतो, आणि सुरुवातीला खरंच बरा आहे. भरती-ओहोटीमधल्या पट्ट्यापैकी साधारण निम्मा क्राउन इस्टेटचा, म्हणजे राजसत्तेच्या नावावरच्या मालमत्तेचा, असतो, बाकीचा कौन्सिलचा नाहीतर कोणा खासगी मालकाचा, तेव्हा आधी चौकशी करा. अवस-पुनवेच्या उधाणाला ओहोटी लांबपर्यंत जाते, त्या दिवशी जा, आणि वादळानंतर तर नक्की जा कारण लाटा वाळूचा थर ओढून नेतात आणि जड वस्तू एका रेषेत उघड्या पडतात. ओल्या खाऱ्या वाळूत साधं एका फ्रिक्वेन्सीचं मशीन उगाच वाजत राहतं, तिथे मल्टी-फ्रिक्वेन्सी लागतं. जहाजातलं काही सापडलं तर २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या बुडालेल्या जहाजांचं बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं. लंडनमध्ये थेम्सच्या काठावर मात्र पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचं परमिट लागतं, नुसतं बघत फिरायचं असेल तरी.

भारतात गेल्यावर मशीन नेऊ का असं विचारतात, माझं उत्तर नको. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. आणि आपले गडकिल्ले तर सोडूनच द्या, २०२५ मध्ये त्यातले बारा युनेस्कोच्या यादीत गेले, त्याच वर्षी मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन मुघलांचं सोनं शोधत शेतं खणत होते ते वाचून मला रडू यायचं बाकी होतं. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं हे गेलं की शिवराईसुद्धा नुसता तांब्याचा तुकडा.

उलट सफोकमधलंच हॉक्सन (Hoxne) गाव बघा. १९९२ मध्ये एरिक लॉज शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते, नाणी-चमचे दिसायला लागले तसे थांबले आणि कळवलं, आर्किऑलॉजिस्टनी नीट उत्खनन केलं आणि जवळपास १५ हजार रोमन नाणी लाकडी पेटीच्या खुणांसकट हाती आली. तो हातोडाही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तुम्हीही नांगराच्या खोलीखाली जाऊ नका, एकाच ठिकाणी दोन-तीन जुन्या वस्तू आल्या की थांबा, फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या तुमच्या भागातल्या माणसाला, फोन करा. कायद्यानं ट्रेझर, म्हणजे खजिना, ठरू शकेल असं काही असेल तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे त्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं असतं.

आणि एक चांगलं शेत मिळालं तर ते सोडून दुसऱ्याच्या मागे धावू नका. माझ्या पहिल्या शेतात दोन वर्षं शिशाची बटणं आणि बंदुकीच्या गोळ्या सोडून काही नव्हतं, मी जुन्या पांदणीच्या रेषेवरच फिरत होतो, तिसऱ्या वर्षी शेतकऱ्यानं उलट्या दिशेनं नांगरलं आणि तळ्याकडच्या कोपऱ्यात, वीस पावलांत, मध्ययुगातल्या राजा पहिल्या एडवर्डची हातानं ठोकलेली चांदीची पेनी निघाली, नखाएवढी, पातळ, चेहरा अजून स्पष्ट. त्या कोपऱ्यात मी अजून दर सप्टेंबरला जातो.