जुन्या फोटो-कागदांची ट्रंक उघडताय? मग या चुका टाळा

२०२१ च्या अखेरीस बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि कुणाच्या दावणीला कुठल्या वळूची पैदास होती, हे बघायला लोक आजोबा-पणजोबांचे फोटो शोधू लागले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली आणि उरलेल्या ट्रंकाही उघडल्या. उघडल्या ते बरंच झालं. पण उघडल्यावर लोक जे करतात ते बघून डोकं फिरतं. आटपाडी, सांगोला, जत, माण, खटाव, कुठंही जा, माणदेशभर चुका त्याच.

सगळ्यात वाईट चूक: फोटो इकडं, कागद तिकडं

आमच्याकडं जुना फोटो म्हणजे बहुतेक वेळा बैलाचा फोटो. खरसुंडीच्या यात्रेत नाहीतर सांगोल्याच्या बाजारात खोंडाला चांगली किंमत आली की मालक फोटोवाल्यापुढं उभा राहायचा. मधोमध खिलार जातीचा बैल, शिंगांना गोंडे, अंगावर झूल. माणूस कडेला, कासरा धरून, बऱ्याचदा अर्धा कापलेला. बायका या फोटोंत नसतातच. घरातल्या बाईचा एकटीचा फोटो हवा असेल तर तो म्हातारपणी कुठल्या तरी योजनेच्या अर्जासाठी काढलेला, पासपोर्ट आकाराचा मिळतो.

फोटोच्या मागं काहीच लिहिलेलं नसतं. पण त्याच डब्यात बाजाराची पावती असते. विकणारा, घेणारा, दोघांची गावं, किंमत, तारीख आणि जनावराचं वर्णन: रंग, शिंगं, दात. पावती आणि फोटो शेजारी ठेवले की फोटो बोलायला लागतो. पावतीवर चौसा, म्हणजे चार दात आलेला, असं लिहिलंय म्हणजे खोंड तीन-साडेतीन वर्षांचा. फोटोत तोच बैल भरलेल्या वशिंडाचा, पूर्ण वाढलेला दिसतोय, म्हणजे फोटो त्यानंतरचा. माणसाच्या मिशीवरून एवढं कळत नाही.

आटपाडी तालुक्यातल्या एका घरी नातू दिवाळीला पुण्याहून आला. हुशार, हौशी पोरगा. बिस्किटाचा डबा उपडा केला, फोटो निवडून घेतले, महागडा अल्बम आणून लावले. खाली राहिलेल्या पावत्या म्हणजे ‘जनावरांच्या जुन्या चिठ्ठ्या’, त्या पाण्याच्या बंबात गेल्या. पुढं भावकीत वाद निघाला: फोटोत कासरा धरलेला माणूस थोरले आबा की त्यांचे धाकटे भाऊ? दोघांचा फेटा तसाच, नाकही तसंच. मला बोलावलं तेव्हा आजी सोडून कुणी जुनं माणूस उरलं नव्हतं. आजी म्हणाली, “माणूस कोण त्ये मला न्हाई सांगता यायचं. पर बैल सर्जा हाय. खरसुंडीला इकला त्यो.” कुणी विकला? ते आजीला आठवेना. ते पावतीवर होतं, आणि पावतीवर त्या दिवाळीत आंघोळीचं पाणी तापलं होतं. आज दोन घरांच्या भिंतींवर तोच फोटो आहे, खाली दोन वेगळी नावं.

म्हणून माझी सवय सांगतो. डबा उपडा करायचा नाही. झाकण काढलं की आत जसं आहे तसा मोबाइलवर एक फोटो. मग वरून एकेक थर उचलायचा. जे एकत्र सापडलं ते एकाच कागदी पाकिटात, मग त्यात लग्नपत्रिका, पावती आणि दोन फोटो असे एकमेकांशी काही संबंध नसलेले जिन्नस का असेनात. विषयवार लावणी नंतर वहीत करा, कागदांची करू नका. लावणीची घाई नवख्यांनाच असते. त्यांना पहिल्याच दिवशी ‘लग्नं’, ‘जमीन’, ‘बैल’ असे गठ्ठे दिसायला हवे असतात.

आणि म्हाताऱ्या माणसाला फोटो दाखवून “हा कोण?” असं विचारू नका. ते घाबरतात, चुकीचं नाव घेतात. “हा बैल कुठला?” विचारा. मग बैल कुणाकडून आणला, कुणी राखला, बहात्तरच्या दुष्काळात चाऱ्याअभावी कितीला द्यावा लागला, सगळं आपोआप येतं. मोबाइलचं रेकॉर्डिंग आधी चालू ठेवा, मधे टोकू नका.

लॅमिनेशन

यावर मी भांडतो. जातपडताळणीचं काम निघालं, कागद फाटायला आलाय, की लोक तडक झेरॉक्सच्या दुकानात जातात. वीस-तीस रुपयांत कागद ‘कायमचा टिकाऊ’. कायमचा तर होतोच, कारण नंतर तो बाहेर काढता येत नाही. उष्णतेनं वितळलेला चिकटा कागदाच्या धाग्यांत शिरतो. प्लॅस्टिक सोलायला गेलं की शाई प्लॅस्टिकबरोबर निघून येते. उठावाचा शिक्का सपाट होतो. आतली ओल आणि आम्ल आतच राहतं, कागद पिवळा पडायचा तो पडतोच.

एका धनगर कुटुंबाकडं मोडीतला एक कागद होता. भटक्या जमातींच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो आणि हा कागद त्याच्या कितीतरी आधीचा. लॅमिनेशन करताना वरचा कोपरा दुमडलेला होता, तो तसाच आत गेला. सन नेमका त्या दुमडीखाली. दुकानदार म्हणाला, “पुन्हा करून देतो.” काय पुन्हा करणार?

फाटका कागद सरळ करायचा असेल तर दोन स्वच्छ कागदांत घालून जाड पुस्तकाखाली ठेवा. आठवडा लागला तर लागू द्या. काढून बघायचा मोह होईल, बघू नका. नंतर पारदर्शक पिशवी हवीच तर पॉलिएस्टरची आणि तोंड उघडं ठेवून. स्वस्त, वास मारणारी पीव्हीसीची फाइल नको. आणि पडताळणीच्या फाइलला झेरॉक्स जोडा, मूळ कागद हातचा सोडू नका.

सेलोटेप हे लॅमिनेशनचंच धाकटं भावंड. काही वर्षांनी टेप गळून पडते, तपकिरी डाग राहतो.

ओला फडका फिरवू नका. मोडीतल्या जुन्या कागदांवर काजळाची शाई असते, पाण्यानं ती पसरते. मऊ ब्रशनं धूळ झटका, बस.

फोटोमागं बॉलपेननं लिहू नका, दाबाचा वळ पुढं उमटतो. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हातानं.

ओला कडुलिंब ट्रंकेत घालू नका. वाळवलेला चालेल. डांबरगोळ्या फोटोंत नकोतच.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. भिंतीला ओल आली की फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो. कुणीतरी सांगतं, पाण्यात भिजव. भिजवलेलेही पाहिलेत, त्याबद्दल न बोललेलं बरं. मी काचेसकटच फोटो घेतो: खिडकीचा उजेड बाजूनं, अंगात गडद शर्ट, म्हणजे काचेत आपण दिसत नाही. ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बमचंही तसंच. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा.

स्कॅन करताना फोटोला किमान ६०० डीपीआय, कागदाला ३००, आणि दोन्ही बाजू. मोबाइलची स्कॅन ॲपं कागद ‘स्वच्छ’ करतात, म्हणजे पेन्सिलीची नोंद आणि फिकट शिक्का पुसून टाकतात. ते फिल्टर बंद करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून. मोडी वाचणाऱ्याला नुसत्या मधल्या चार ओळी कापून पाठवणारे लोक तर रोज भेटतात. त्याला पूर्ण पान लागतं, कडांसकट. रंग भरणाऱ्या ॲपांबद्दल एवढंच: एका घरच्या कोशा, म्हणजे करड्या, बैलाला ॲपनं दुधासारखा पांढरा केला, आणि घरच्यांनी तोच फोटो मोठा करून लावला.

सनांचा घोळ वेगळाच. कागदावर १३४० दिसलं की पोरं उड्या मारतात, शिवाजी महाराजांच्याही आधीचा म्हणून. तो बहुतेक फसली सन असतो, म्हणजे जमीन-महसुलाच्या कारभारातलं वर्ष. त्यात ५९० मिळवा, म्हणजे १९३०-३१. फसली वर्ष जूनच्या सुमारास बदलतं, म्हणून दोन इसवी सनांत पसरतं. शक असेल तर ७८ मिळवा, जुन्या मोडी कागदांत येणारा शुहूर सन असेल तर ५९९. शंका आली तर स्टॅम्पपेपरवरचा राजा बघा. सहावा जॉर्ज असेल तर कागद १९३६ च्या अखेरीआधीचा नाही.

शेवटचं, कचेरीबद्दल. घरचा कागद अपुरा पडला की लोक सांगलीला खेटे घालतात आणि “रेकॉर्डच नाही” ऐकून परत येतात. आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं सांगली हे नाव १९६० चं. जत तर स्वतःच वेगळं संस्थान. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी आपल्या कागदाच्या तारखेला आपलं गाव कुणाच्या अमलात होतं ते काढा आणि त्या संस्थानाचं दप्तर आता कुठं आहे, ते अभिलेख कक्षात तोंडी नाही, लेखी विचारा.