एक्सएफएसचा लॉग रिप्ले होताना चांगला डेटा पुसला जाऊ नये म्हणून

वीज गेली, सर्व्हर धाडकन बंद पडला आणि एक्सएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचा लॉग (फाइलींच्या मेटाडेटातले, म्हणजे नाव-जागा वगैरे माहितीतले बदल आधी नोंदणारी वही) अर्धवट राहिला, की पहिला मोह होतो तो डिस्क 'आरओ'ने (रीड-ओन्ली, फक्त वाचण्यापुरती) माउंट करून नुसतं बघण्याचा. ते करू नका. 'आरओ' असलं तरी कर्नल लॉग रिप्ले करतो, म्हणजे लॉगमधले बदल डिस्कवर लागू करतो, म्हणजे लिहितोच. लिहिणं खरंच थांबवायचं तर 'आरओ'सोबत 'नोरिकव्हरी' द्यावं लागतं. ईएक्सटी४ या दुसऱ्या फाइल सिस्टिमला हेच काम 'नोलोड' करतं.

डिस्क जोडण्याआधी डेस्कटॉपचं ऑटोमाउंट बंद करा. जोडल्यावर 'ब्लॉकडेव्ह' कमांडच्या 'सेटआरओ'ने आख्खी डिस्क आणि तिची प्रत्येक पार्टिशन रीड-ओन्ली करा. मग डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने वेगळ्या डिस्कवर इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत असलेली फाइल) काढा. कुठवर वाचून झालं ते नोंदणारी मॅप फाइल द्याच, नाहीतर मध्येच थांबलेलं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. ही मूळ इमेज बाजूला ठेवा आणि सगळे प्रयोग तिच्या कॉपीवर करा. इमेज एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस फाइल सिस्टिमवर असेल तर 'सीपी'च्या 'रीफ्लिंक'ने (तेच ब्लॉक दोन्ही फाइलींनी वाटून घेतात) कॉपी क्षणात होते, जागाही जवळपास लागत नाही.

कॉपी लूप डिव्हाइसवर (फाइलला डिस्कसारखं दाखवणारी सोय) चढवून साधी माउंट करा, म्हणजे लॉग रिप्ले होईल. त्याच यूयूआयडीची (फाइल सिस्टिमच्या ओळख क्रमांकाची) मूळ डिस्क माउंट असेल तर 'नोयूयूआयडी' लागेल. अनमाउंट करून दुरुस्तीची कमांड 'एक्सएफएस_रिपेअर' आधी 'एन' पर्यायाने चालवा. त्यात काहीच लिहिलं जात नाही, नुसता अहवाल येतो.

माउंटच झालं नाही तर 'रिपेअर' स्वतःच 'एल' पर्याय सुचवतं. तो शेवटचा उपाय. 'एल' लॉग कोरा करतं. ज्या फाइलींची नोंद फक्त लॉगमध्येच होती, त्यांचे ब्लॉक मग मोकळे धरले जातात आणि पुढचं लिखाण त्यांच्यावरच होऊ शकतं. म्हणून आधी 'आरओ,नोरिकव्हरी'ने मिळतील त्या फाइली काढून घ्या (काही तुटलेल्या निघतील), आणि 'एल' दुसऱ्या कॉपीवर चालवा.

जुनी नोंद नव्या डेटावर बसू नये याची काळजी फाइल सिस्टिमही घेते. एक्सएफएसच्या व्ही५ फॉरमॅटमध्ये मेटाडेटा ब्लॉकवर एलएसएन (लॉगमधल्या नोंदीचा क्रमांक) असतो. डिस्कवरचा ब्लॉक लॉगमधल्या नोंदीपेक्षा नवा दिसला, तर रिकव्हरी ती नोंद सोडून देते. 'एक्सएफएस_इन्फो'मध्ये 'सीआरसी=१' दिसलं की व्ही५ समजा. ईएक्सटी४मध्ये मेटाडेटाचा सुटलेला ब्लॉक फाइलच्या डेटाला दिला गेला, तर जर्नलमधली (ईएक्सटी४च्या लॉगमधली) त्याची जुनी प्रत रिव्होक नोंदीमुळे, म्हणजे 'ही प्रत रद्द' अशा नोंदीमुळे, टाळली जाते.

मात्र लॉग वेगळ्या डिव्हाइसवर असेल, तर डेटा आणि लॉग या दोन्हींच्या इमेज फाइल सिस्टिम अनमाउंट असतानाच घ्या आणि माउंट करताना 'लॉगडेव्ह' पर्यायाला त्याच जोडीतला लॉग द्या.