घरशाळेचं नियोजन: धड्यांना तारखा नको, क्रमांक द्या

मुलांना घरी शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी भिंतीवर रंगीत तक्ता लागतो. आठ ते पावणेनऊ गणित, मग भाषा, मग विज्ञान. शाळेला घंटा लागते, कारण तिथे अनेक वर्ग एकाच वेळी हलवायचे असतात. घरात भागाकार कधी दहा मिनिटांत डोक्यात शिरतो, कधी तासभर खातो. तक्ता काढून टाका.

वह्या-पुस्तकं, बसायची जागा हे तुम्ही बघितलं असेलच. प्रत्येक मुलाला एक टोपली द्या आणि चालू वह्या तेवढ्या तिच्यात ठेवा. बाकीचं कपाटात.

आता मोजणी. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने तुकडे पाडा. एका बैठकीत होईल तो एक तुकडा. त्यांना 1, 2, 3 असे क्रमांक द्या. गणिताचे 120 तुकडे झाले आणि आठवड्याला 4 घेतले, तर 30 आठवडे लागतात. वर्षात 36 आठवडे शिकवणार असाल, तर 6 आठवडे हाताशी राहतात. ही सुट्टी नव्हे, ही ताप, पाहुणे आणि अपूर्णांक यांची सोय आहे. हिशोब बरोबर 36 वर येऊन थांबत असेल, तर आत्ताच काहीतरी गाळा.

सगळी घडी विसकटते ती पुढच्या पायरीवर. वर्षभराच्या तारखा आधीच घालून ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. पहिल्या आजारपणात दोन दिवस बुडतात आणि पुढच्या सगळ्या तारखा खोट्या ठरतात. मग खोडाखोड, मग अपराधी वाटणं, आणि थोड्याच दिवसांत ती वही कोणी उघडतही नाही.

तारखा फक्त एका आठवड्याच्या घाला, त्याही पेन्सिलीने. आठवडा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. एका कागदावर पाच रकाने आखा. सोमवार ते गुरुवार गणित 41, 42, 43, 44. शुक्रवार कोरा. मंगळवारी ताप आला आणि 42 राहिला, तर तो बुधवारी जातो, 43 गुरुवारी आणि 44 शुक्रवारी. शुक्रवारही गेला तर पुढचा आठवडा 44 पासून सुरू. बस्स. अनुशेषाची वेगळी यादी करायची नाही.

आणि बुधवारी दोन धडे घेऊन ‘भरून काढायचं’ तर अजिबात नाही. दुसरा धडा दमलेल्या डोक्याने होतो, वहीत पूर्ण दिसतो, आणि पुढच्या प्रकरणात कळतं की पाया कच्चाच आहे. मग तोच धडा पुन्हा घ्यावा लागतो, म्हणजे वाचवलेला दिवस गेलाच. हाताशी ठेवलेले आठवडेही संपत आले, तर सरावातली एकाआड एक उदाहरणं गाळा. नवी संकल्पना मात्र गाळू नका. मोबाइल अ‍ॅप वापरत असाल, तर उशीर झालेलं काम लाल रंगात दाखवायची सोय बंद करा. त्या लाल रंगापायीच लोक धडे दुप्पट करतात.

गणित, वाचन आणि लेखन रोज. विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्रकला यांना वार ठरवून देऊ नका. ज्या वारी सुट्ट्या जास्त पडतात, त्या वाराचा विषय वर्षभर उपाशी राहतो. त्यांची एकाखाली एक यादी करा आणि कडेला क्लिप लावा. आज क्लिप जिथे आहे तो विषय घ्यायचा आणि ती एक घर खाली सरकवायची. तळाला पोचली की पुन्हा वर.

दोन मुलं असतील तर आधी धाकट्याला घ्या. मोठ्याला तेवढा वेळ एकट्याने होणारं काम द्या: शुद्धलेखन, वाचन, कालच्या चुका दुरुस्त करणं. दोघांचा नवा भाग एकाच वेळी काढलात, तर दोघंही तुमच्याकडे बघत बसतील. अडलेल्या उदाहरणासमोर फुली मारून पुढे जायची सवय लावा. ही सवय लागायला वेळ लागतो, पण लावाच.

कागदांचं काम सोपं आहे, फक्त ते त्या-त्या वेळी झालं पाहिजे. मुलाने कागद हातात दिला की लगेच मागे तारीख टाका. दर महिन्याला प्रत्येक विषयाचे तीन नमुने ठेवा. त्यात एक फसलेलाही असू द्या, नाहीतर प्रगती दिसणार कशात? बाकी रद्दीत. मातीची प्रतिकृती, मोठं चित्र यांचा फोटो काढला की पुरे.

हजेरीसाठी वेगळी वही नको. आठवड्याच्या त्याच कागदावर, पेन्सिलीने ठरवलेल्यापैकी प्रत्यक्ष जे झालं ते त्याच दिवशी पेनाने लिहा. घरशिक्षणाचे नियम जागोजागी वेगळे असतात. कुठे दिवस मोजतात, कुठे कामाचे नमुने मागतात. आपल्याकडे काय लागतं ते वर्ष सुरू होण्याआधी बघा आणि तेवढा एक रकाना वाढवा. आठवडा संपला की कागदाला पंच मारून फाइलमध्ये लावा, नवा कागद वर येईल असा.