ट्रायडॅक्ना खडकावरून सोडवायचा कसा?

ट्रायडॅक्ना म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत पाळले जाणारे मोठे शिंपले. ते खडकाला चिकटतात. 'जरा हलवत राहा, आपोआप सुटतो' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यांतले मॅक्झिमा आणि स्क्वामोसा हे प्रकार तळाला, बिजागरीजवळच्या फटीतून मांसल पाय बाहेर काढतात आणि त्यातून निघणाऱ्या चिवट धाग्यांनी खडक धरून ठेवतात. शिणाण्यांचा झुपका असतो ना, तसेच हे धागे. शिणाणे साफ करताना आपण तो झुपका ओढून काढतो. इथे तसं ओढलंत तर धाग्यांसोबत पायाचा लचका निघतो. वरून शिंपला दोन-चार दिवस बरा दिसतो, मग वासून पडतो.

टाकीतला पंप बंद करा. हाताला साबण, क्रीम काही नको. शिंपल्यावर हाताची सावली धरा आणि झालर (कवचाबाहेर पसरणारा मांसल पडदा) पूर्ण आत जाऊन कवच मिटेपर्यंत थांबा.

आता खरं काम. शिंपला एका बाजूने जेमतेम २-३ मिलिमीटर कलता करा. धागे दिसावेत एवढंच, ताणायचे नाहीत. फटीतून पांढरट पाय बाहेर दिसला तर थांबा, तो आत घेऊ द्या. मग तेल धुऊन टाकलेलं दाढीचं नवं ब्लेड खडकाला अगदी चिकटवून आडवं सरकवा आणि धागे खडकाजवळ कापा, शिंपल्याजवळ नाही. एकेक झुपका कापायचा. अडलं तर ब्लेडची दिशा बदला, पण शिंपला पिळू नका. कवचाला लटकणारी टोकं तशीच राहू द्यात. शिंपला ती स्वतः टाकतो आणि नवे धागे काढतो.

काचेला चिकटला असेल तर सोपं: पाय नेमका कुठे आहे ते बाहेरून दिसतं. टाकी ॲक्रिलिकची असेल तर ब्लेडने ओरखडे पडतात, तिथे जुनं एटीएम कार्ड वापरा.

क्रोसिया हा ट्रायडॅक्नाचा आणखी एक प्रकार सोडवूच नका. तो खडकात रुतून बसतो. खडकाचा तुकडा छिन्नीने वेगळा करून त्यासकट हलवा.

हलवताना टाकीच्याच पाण्यात वाडगा बुडवून शिंपला त्यात घ्या, हवेत काढू नका. उघडा शिंपला बाहेर उचलला तर पाण्याने जड झालेली झालर लोंबते, फाटते. चुकून हवेत निघालाच तर परत बुडवल्यावर तोंड वर ठेवून हळूहळू दोन्हीकडे कलता करा, बुडबुडे थांबेपर्यंत. स्क्वामोसाच्या खवल्यांना धरू नका, मोडतात. तळहात खालून द्या.

नव्या जागी आधी हाताएवढी सपाट फरशी ठेवा आणि तिच्यावर शिंपला बसवा. तो फरशीलाच धरतो, त्यामुळे पुढच्या वेळी ब्लेड लागत नाही, फरशीच उचलायची. शिवाय खालच्या फटीला केसाळ किड्यांचा त्रासही कमी होतो.

भारतात मॅक्झिमा आणि स्क्वामोसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. लक्षद्वीप किंवा अंदमानच्या समुद्रात हे दिसले तर हातही लावू नका. परदेशात पाळत असाल तर विकत घेताना कागदपत्रं मागा.

दुसऱ्या दिवशी सावली धरून बघा. झटकन मिटला तर चांगली खूण, पण पायाला इजा झाली नाही याची खात्री त्यावरून होत नाही, काही दिवस लक्ष ठेवा.