डोंगरातल्या कोर्सवर डिस्क गोल्फ कसा खेळावा

डिस्क गोल्फमध्ये डिस्क कमीत कमी फेकींत, खांबावर साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची असते. सपाट मैदानावर फेक चुकली तर डिस्क दहा मीटर बाजूला पडते आणि पडल्या जागी राहते. डोंगरात तीच डिस्क कडेवर उभी राहते, चाकासारखी घरंगळत जाते आणि बास्केटपासून चाळीस मीटर खाली झुडपात जाऊन बसते. म्हणून इथे प्रत्येक फेकीआधी दोन जागा ठरवायच्या: डिस्क पडेल ती आणि डिस्क थांबेल ती. दुसरी जागा ज्याला आधी दिसते, त्याचा डाव डोंगरात सुधारतो.

सपाटीवर दोन-चार वेळा खेळलेला कोणीही डोंगरातल्या कोर्सवर उतरू शकतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यासाठी लिहिलं आहे. डावखुऱ्याच्या बॅकहँडला आणि उजव्या हाताच्या फोरहँडला डावं-उजवं उलट धरायचं.

पिशवीत काय असावं

सहा-सात डिस्क पुष्कळ झाल्या: एकसारखे दोन पटर (जवळच्या फेकीसाठी), दोन मिडरेंज (मध्यम अंतरासाठी), दोन फेअरवे ड्रायव्हर (लांब फेकीसाठी) आणि वाऱ्यासाठी एक चांगली ओव्हरस्टेबल, म्हणजे ठामपणे डावीकडे उतरणारी डिस्क. डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ७, ५, −१, २. ते अनुक्रमे स्पीड (डिस्कला लागणारा वेग), ग्लाइड (हवेत तरंगत राहण्याची क्षमता), टर्न आणि फेड. डोंगरात शेवटचे दोन सर्वांत महत्त्वाचे. टर्न म्हणजे वेगात असताना उजवीकडे कलण्याची ओढ, फेड म्हणजे वेग ओसरल्यावर डावीकडे उतरण्याची ओढ. स्पीड १२ किंवा त्यावरचे ड्रायव्हर घरी ठेवलेले बरे. त्यांना लागणारा वेग नवशिक्याच्या हातात नसतो, आणि वेग नसला की अशी डिस्क लगेच डावीकडे कोसळते. सपाटीवर ते चालून जातं, पण कड्याच्या बाजूला डिस्क गमवावी लागते.

रंग गडद गुलाबी किंवा नारिंगी घ्या. हिरवी आणि तपकिरी डिस्क पाच पावलांवरूनही दिसत नाही. मागच्या बाजूला पक्क्या शाईने फोन नंबर लिहा. शिवाय एक कोरडा टॉवेल, जागा दाखवायला छोटी मार्कर डिस्क, माणशी दीड ते दोन लिटर पाणी आणि खोल नक्षीच्या तळाचे बूट. गुळगुळीत तळाचे बूट घालून डोंगरात खेळू नका. फेक सुटण्याच्या क्षणी पाय घसरला की घोट्याला मार बसतो.

टीवर उभं राहिल्यावर आधी बघा

कोर्सचा एक टप्पा म्हणजे होल, आणि त्याची पहिली फेक जिथून करतात ती जागा म्हणजे टी. तिथल्या फलकावर लिहिलेलं अंतर हे बरेचदा आडवं अंतर असतं. उंचीचा फरक त्यात तुम्हाला मिळवायचा असतो. खेळाडू सर्रास वापरतात तो ढोबळ हिशोब असा: एक मीटर उतार असेल तर अंतरातून तीन मीटर वजा करा, एक मीटर चढ असेल तर तीन मीटर मिळवा. म्हणजे ८० मीटरचं होल १० मीटर खाली असेल, तर ते साधारण ५० मीटरसारखं खेळा. तेवढंच वर असेल तर ११० मीटरसारखं. खूप खोल दरीवर हा हिशोब कोलमडतो, पण पहिल्या फेकीला डिस्क निवडायला तो पुरतो.

मग वारा. दिवसा उन्हाने उतार तापतात आणि वारा दरीतून वर चढतो. संध्याकाळी उतार थंड झाले की तो खाली वाहू लागतो. त्यामुळे सकाळी अकराला कड्यावरच्या टीवरून केलेली फेक आणि संध्याकाळी सहाला केलेली फेक वेगळ्या वागतात. समोरून वर येणारा वारा डिस्कला उचलतो आणि तिची टर्न वाढवतो. मागून येणारा वारा तिला दाबतो आणि फेड लवकर आणतो. टीवरचं गवत उडवून बघणं पुरेसं नाही, कारण कड्याच्या पलीकडे वारा वेगळाच असतो. खालच्या झाडांचे शेंडे बघा.

उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर हवा सुमारे १४ टक्के विरळ असते, २००० मीटरवर सुमारे १८ टक्के. विरळ हवेत डिस्कला कमी उचल मिळते, तिचा ग्लाइड कमी होतो आणि ती नेहमीपेक्षा लवकर डावीकडे झुकते. घाटाखालून आलेल्या खेळाडूला पहिली दोन-तीन होलं ‘आज हातच चालत नाही’ असं वाटतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. थोडी जास्त टर्न असलेली डिस्क घ्या.

खाली माणसं नाहीत ना, ही खात्री शेवटची आणि सर्वांत गरजेची. टीवरून फेअरवे, म्हणजे टी ते बास्केटमधला पट्टा, पूर्ण दिसत नसेल तर एकाने पुढे जाऊन सुरक्षित बाजूला उभं राहायचं, हात वर करून इशारा द्यायचा, मगच फेकायचं. तो माणूस डिस्क कुठे गेली हेही बघतो.

उतारावरची फेक

डोंगरातली सर्वांत देखणी होलं हीच. टी उंचावर, समोर पसरलेली दरी, आणि बास्केट खाली एका ठिपक्याएवढं. आणि सर्वांत जास्त डिस्क इथेच जातात. कारण एकच: समोर आभाळ दिसतं आणि माणूस नकळत क्षितिजाकडे फेकतो.

डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, ती ज्या रेषेत जाणार त्या रेषेपेक्षा वर असेल तर खालून हवा भरते. डिस्क वर चढते, हवेत थबकते आणि मग डावीकडे पडत राहते. सपाटीवर तिला पडायला दोन-तीन मीटर उंची असते. इथे खाली वीस मीटर मोकळी हवा असते, तेवढा वेळ ती डावीकडे जात राहते. म्हणून सपाटीवर पाच मीटरची चूक इथे तीस मीटरची होते.

उपाय शरीराच्या कलात आहे. बास्केटच्या दिशेने असलेला खांदा खाली घ्या, मागचा वर, म्हणजे दोन्ही खांद्यांची रेषा उताराला समांतर होईल. कंबरेतून पुढे झुका, गुडघे थोडे सैल ठेवा. हात मागे नेताना डिस्क छातीपेक्षा जरा वर, सोडताना जरा खाली. नुसतं मनगट खाली वाकवू नका. मनगट वाकलं की डिस्क डगमगत सुटते. टीच्या पुढे आठ-दहा मीटरवर, उताराच्या रेषेत एखादा दगड किंवा गवताचा पुंजका निवडा आणि डिस्क त्यावरून जाईल अशी सोडा. बास्केटकडे बघत फेकण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

धावत येऊन फेकू नका. एक किंवा दोन पावलं, नाहीतर जागेवरून. उतार लागतच असतो, ताकद ७० टक्के पुरते. पहिल्यांदा खेळत असाल तर मिडरेंज घ्या आणि बास्केटच्या थोडं उजवीकडे नेम धरा, कारण हवेत जास्त वेळ म्हणजे डावीकडे जायलाही जास्त वेळ. गुरुत्वाकर्षणाने वेग टिकतो, त्यामुळे फार टर्न असलेली डिस्क उजवीकडे कलली की सरळ व्हायला तयार नसते. सरळ उडणारी, मध्यम डिस्क इथे सर्वांत विश्वासू.

चढावरची फेक

इथे सगळं उलट. वेग पटकन संपतो, म्हणून डिस्क लवकर फेड होते. नेहमीपेक्षा हलकी, १५० ते १६५ ग्रॅमची आणि जास्त टर्न असलेली डिस्क घ्या. मागचा खांदा खाली, पुढचा वर. पुन्हा खांद्यांची रेषा उताराला समांतर. नाक मात्र वर उचलायचं नाही. चढावर नव्वद टक्के ओरड ‘डिस्क गेली वर आणि आली माझ्याच पायाशी’ अशी असते, आणि ती नाकामुळेच. जोर वाढवून हे सुटत नाही. मूठ जास्त आवळली की डिस्क उशिरा सुटते आणि उजवीकडे जाते.

चढ फार असेल तर एका फेकीचं होल दोन फेकींचं समजा. मधे जी सपाट पायरी दिसेल तिथे पहिली डिस्क ठेवा. उतारावरच्या उभ्या गवतात अर्ध्यावर थांबलेल्या डिस्कपेक्षा मागे वीस मीटर, पण सपाट जागी असलेली डिस्क चांगली.

डिस्क घरंगळते कशी

ही गोष्ट नीट समजली की स्कोअर झपाट्याने सुधारतो.

उजव्या हाताच्या बॅकहँडने डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ती उजव्या कडेवर उतरली, तर जमिनीला टेकलेली कड मागे सरकत असते, म्हणजे गाडीच्या चाकासारखी ती पुढे पळते. डाव्या कडेवर उतरली, तर टेकलेली कड पुढे सरकत असते. हा ब्रेक आहे. डिस्क खरवडते, अडते आणि बहुधा आडवी पडते. म्हणून उतारावरच्या बास्केटजवळ डिस्क शेवटी डावीकडे झुकत, म्हणजे हायझरने उतरवायची. उजवीकडे कलंडत आलेली डिस्क उतारावर सर्वांत धोक्याची.

यालाही मर्यादा आहे. जमीन कडक, खडकाळ असेल आणि डिस्क फार उंचावरून जवळजवळ उभी पडली, तर ती उसळून कडेवर उभी राहू शकते. एकदा फिरकी संपली की मग ती फक्त उतार ओळखते. अशा जमिनीवर पटर घ्या, खालून, हळू, जवळजवळ आडवा सोडा. मऊ माती किंवा दाट गवतात मात्र उंच हायझर रुतून बसतो.

जमिनीचा कलही बघा. डिस्क आणि जमीन एकाच बाजूला झुकलेल्या असतील तर डिस्क घसरत लांब जाते. दोघांचे कल विरुद्ध असतील तर ती आपटून उभी राहते.

बास्केटजवळ

जवळची फेक टाकताना बास्केटच्या खालच्या अंगाला राहा. खालून वर केलेला पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकण्यासाठी जवळून केलेली फेक, चुकला तर डिस्क समोरच्या चढाला थडकते आणि जवळच पडते. वरून खाली केलेला चुकला तर ती पुढे हवेत निघून जाते, आणि आठ मीटरचा पट पंचवीस मीटरचा होतो.

वर पट करताना वरच्या साखळ्यांवर नेम धरा. खाली करताना खालच्या साखळ्यांवर. ट्रेची, म्हणजे साखळ्यांखालच्या टोपलीची, कड जमिनीपासून सुमारे ८२ सेंटिमीटरवर असते. तिच्यावर आपटलेली डिस्क बहुतेक वेळा उभीच खाली पडते, आणि उतारावर तिथूनच घरंगळणं सुरू होतं. त्यामुळे चढावर कमी पडण्यापेक्षा थोडं उंच गेलेलं परवडतं. उतारावर, बास्केटमागे कडा असेल आणि अंतर सात-आठ मीटरपेक्षा जास्त असेल, तर पट करू नका. डिस्क बास्केटच्या पायाशी आडवी ठेवा आणि पुढच्या फेकीत आत टाका.

नियमांतली एक गोष्ट उताराला विशेष लागू पडते. प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनच्या नियमांनुसार बास्केटपासून १० मीटरच्या आत फेकल्यावर, मार्करच्या मागे तोल पूर्ण सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. फेकताना पाय मार्करमागच्या २० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर लांब जागेत टेकलेला हवा. खाली तोंड करून उभं राहिलात की शरीर आपोआप पुढे जातं. तेव्हा पाय बाजूला फाकवून, वजन मागच्या टाचेवर ठेवून पट करा. फेकण्याआधी एकदा हात रिकामा फिरवून तोल राहतो का ते बघा.

डिस्क खाली गेली तर

फेक सुटल्यापासून डिस्कवरून नजर हलवू नका. ती दिसेनाशी झाली त्या रेषेत दोन खुणा धरा, एक अलीकडचं झाड आणि एक पलीकडचं. नुसती एक खूण धरली की उतरताना रेषा हमखास सरकते. शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात नाही मिळाली तर एक पेनल्टी, म्हणजे स्कोअरमध्ये एक जास्तीची फेक, आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फेक.

डिस्क दिसते पण जागा धोक्याची आहे, असंही होतं. तिथे उभं राहून फेकायची सक्ती नाही. एक पेनल्टी घेऊन तुम्ही बास्केटच्या उलट दिशेने, त्याच सरळ रेषेत मागे कुठेही नवी जागा घेऊ शकता, किंवा ती फेक सोडून देऊन आधीच्या जागेवरून फेकू शकता. सैल दगडांच्या घळीत एका डिस्कसाठी उतरू नका. उतरावंच लागलं तर दोघांनी जा, एकमेकांच्या थेट खाली-वर न राहता, म्हणजे सुटलेला दगड खालच्याला लागणार नाही. गडगडाट ऐकू आला की उघड्या माथ्यावरचं होल अर्ध्यावर सोडून खाली या. धातूच्या बास्केटपासून आणि एकट्या झाडापासून लांब थांबा.

चौदाव्या-पंधराव्या होलानंतर मांड्या भरून येतात आणि खांद्यांची रेषा उताराशी जुळेनाशी होते. डिस्क सारखी वर चढू लागली की समजा, पाय थकले आहेत. तिथून पुढे सगळ्या फेकी जागेवरूनच करा, आणि ड्रायव्हरऐवजी मिडरेंज काढा.