जुन्या लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट चालत नाही? आधी रुई काढा

लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट चालेनासा झाला की पहिला सल्ला ठरलेला: "विंडोज नवीन मारून घे." दुसरा: "मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या." चोपडा-धरणगाव पट्ट्यातल्या जिनिंगचे, आडत दुकानांचे, भुईकाट्यांचे जुने लॅपटॉप मी इतकी वर्षं उघडतोय की हे दोन्ही ऐकलं की डोकं तापतं. दिवाळीच्या सुमाराला कापसाची आवक वाढली की फोन सुरू होतात, "भाऊ, डब्बा मरी गया." डब्बा मेलेला नसतो. बहुतेक वेळा पोर्टात रुई बसलेली असते.

विंडोजची शंका दोन मिनिटांत फिटते. त्या पोर्टाला यूएसबी कीबोर्ड लावा, लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर जा (एफ२, एफ१० किंवा डिलीट, कंपनीनुसार बदलतं). विंडोज तेव्हा जागंच झालेलं नसतं. तिथे त्या कीबोर्डचे बाण चालले तर पोर्ट ठणठणीत आहे, खोट विंडोजमध्ये आहे. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढा. तेवढ्याने भागलं नाही तर हब अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट. बाण चालले नाहीत तर बायोसमध्ये यूएसबी कुणी बंद करून ठेवलंय का बघा. तेही नसेल तर चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा. एवढं करूनही पोर्ट गप्प असेल तर पुढचं वाचा.

प्लग घालून बाजूने बघा. चांगल्या पोर्टात तो जितका आत जातो तितकाच इथे जातोय का? बाजरीच्या दाण्याएवढा जरी बाहेर राहिला तरी चोर सापडला. साध्या यूएसबीच्या प्लगमध्ये चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन डेटाच्या. कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा मिलिमीटरभर पुढे आलेल्या असतात, म्हणजे आधी वीज जोडली जावी आणि मग डेटा. पोर्टाच्या तळाशी रुईचा थर बसला की प्लग तेवढाच अडतो. वीज मिळते, डेटा नाही. पेनड्राइव्हचा दिवा लागतो, मोबाईल चार्ज होतो, पण फाइल काही दिसत नाही. लोक याला व्हायरस समजतात.

इथे मी एकदा हात पोळून घेतलाय. शिकाऊ होतो. एका काट्यावरचा लॅपटॉप, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, मालक डोक्यावर उभे. बॅटरी न काढता सेफ्टी पिनने पोर्ट कोरायला घेतला. पिनचं टोक विजेच्या पट्टीला आणि बाहेरच्या पत्र्याला एकदमच टेकलं, स्क्रीन काळी झाली. लॅपटॉप परत सुरू झाला, पण डाव्या बाजूचे दोन्ही पोर्ट कायमचे गेले. दोन्हींचा वीजपुरवठा एकाच ठिकाणाहून होता, म्हणून एकाच्या पापात दुसराही मेला. त्या दिवशी मला कुणी चहासुद्धा विचारला नाही.

तेव्हापासून चार्जर, बॅटरी दोन्ही बाहेर काढल्याशिवाय मी पोर्टाला हात लावत नाही. बॅटरी आत बसवलेली असेल तर मागचं झाकण उघडून तिची पिन सोडवा. आळस करू नका.

हत्यार म्हणजे दात कोरायची लाकडी काडी, ब्लेडने एका बाजूने चपटी तासलेली. पोर्टात एक पातळ प्लॅस्टिकची जीभ दिसते, पट्ट्या तिच्यावर असतात. काडी जिभेच्या उलट्या, मोकळ्या बाजूने पत्र्याला घासत तळापर्यंत न्या आणि रुई बाहेर ओढा. ढकलू नका. पहिल्यांदा काहीच येत नाही, मग एकदम वाकळेच्या तुकड्यासारखी करडी चकती बाहेर येते. ब्लोअर तर मुळीच मारू नका, त्याने रुई आणखी ठासून बसते. तोंडाने फुंकलं की थुंकी जाते.

मग मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून थोडं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. जुन्या टूथब्रशचे चार केस त्यात ओले करून जिभेवर हलक्या हाताने फिरवा. सॅनिटायझर नको, बहुतेकांत ग्लिसरीन असतं, ते चिकटून राहतं आणि पुढच्या हंगामाची रुई धरून ठेवतं. पेट्रोल आणि थिनर प्लॅस्टिक खातात. अर्धा तास वाळू द्या, मेच्या उन्हात नको, पंख्याखाली.

एखादी पट्टी वाकलेली दिसली तर काडीनेच, एकदाच, सरळ करून बघा. दुसऱ्यांदा वाकवाल तर तुटेल.

आता आधी माऊस लावा, मग पेनड्राइव्ह, शेवटी हार्ड डिस्क. माऊस चालतो पण हार्ड डिस्क कटकट आवाज करून बंद पडते, तर बहुधा वीज कमी पडतेय. जुना पोर्ट नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर देतो, निळ्या जिभेचा (यूएसबी ३) 900. निळ्या पोर्टात पेनड्राइव्ह रखडत असेल तर काढून झटक्यात परत घाला. हळू घातलं की कधी कधी लॅपटॉप त्याला जुन्या पद्धतीचा समजतो.

पोर्टच हलत असेल तर सोल्डर, म्हणजे त्याला बोर्डाशी जोडणारा डाग, सुटलाय. घरच्या कावियाने (डाग द्यायच्या तापत्या हत्याराने) ते करू नका, कारागिराकडे द्या.

काटेवाल्यांसाठी एक वेगळं. वजनाची केबल यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरवर (काट्याची जुनी केबल यूएसबीला जोडणारी डबी) असेल तर साफसफाईनंतर ती होती त्याच पोर्टात लावा. स्वस्त कन्व्हर्टर दुसऱ्या पोर्टात गेला की विंडोज त्याला नवा कॉम नंबर (ओळखीचा क्रमांक) देतं, वजनाचं सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट बघत बसतं आणि पोर्ट मेला म्हणून परत मला फोन येतो. त्या पोर्टाशेजारी नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन ठेवा.